दृष्टीआडची सृष्टी

आरसा म्हटलं की बायकांवरचे विनोद सुरू होतात. लग्नाला निघताना लागणारा वेळ, पर्समधला तो इवलासा आरसा, आणि लिपस्टिक नीट करायला गाडीचा आरसा स्वतःकडे वळवणारी बाई! हा शेवटचा विनोद मी इतक्या वेळा ऐकला आहे, की आता हसूही येत नाही.

गंमत म्हणजे मोटार चालवताना मागचं बघायला आरसा वापरा, असं छापील पुस्तकातून सांगणाऱ्या अगदी सुरुवातीच्या माणसांमध्ये एक बाईच होती. डोरोथी लेव्हिट तिचं नाव. इंग्लंडमधली ही बाई मोटारींच्या शर्यतीत उतरायची, मोटारबोटी चालवायची. १९०९ साली तिने स्त्रियांसाठी 'द वुमन अँड द कार' हे पुस्तक लिहिलं. त्यात तिचा सल्ला असा, की हातात धरायचा आरसा गाडीत जवळच ठेवावा, मुठीचा असेल तर उत्तम, आणि रहदारीत अधूनमधून तो उंच धरून मागे काय चाललंय ते पाहावं. त्या काळच्या गाड्या बहुतेक उघड्याच. म्हणजे धुळीने माखलेला चेहरा पुसायला आणि मागची गाडी बघायला एकच आरसा! दोन वर्षांनी, १९११ मध्ये, अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या शर्यतीत रे हारून याने गाडीवर आरसा बसवला आणि तो जिंकला. इतरांच्या गाडीत मागे लक्ष ठेवायला शेजारी एक मेकॅनिक बसायचा, हा एकटाच होता. मान त्यालाच मिळाला. पुढे त्यानेच सांगितलं म्हणतात, की विटांच्या त्या रस्त्यावर आरसा इतका थरथरत होता की त्यात काही दिसतच नव्हतं!

हे सगळं शोधायचं कारण माझी भाची. तिने दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड थार घेतली, कापडी छताची. २०२० साली नवी थार आली तेव्हा तिला मागे दुमडता येणारं छत मिळालं होतं, त्यातली ही. आपल्याकडे अशा उघड्या गाड्यांची हौस जुनीच आहे. जीप होती, मारुतीची जिप्सी होती, गोव्यात तर १९९०च्या दशकाच्या अखेरीला 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन माणसांची उघडी गाडी बनत होती. पण वसईत अशी गाडी आमच्या घरातली मुलगी चालवील असं कोणाला वाटलं नव्हतं. रविवारी अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव अशा किनाऱ्यांकडे बघा, छत उघडलेल्या दोन-चार गाड्या हमखास दिसतात. (गाडी थेट वाळूत घालणाऱ्यांबद्दल मला काय वाटतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.)

तर मी तिच्या शेजारी बसले आणि सवयीने मागे वळून पाहिलं. छत बंद होतं. खांद्यामागे सगळं काळं कापड, मागच्या बाजूला प्लास्टिकची पारदर्शक खिडकी, ती खाऱ्या हवेने आणि वाळूच्या ओरखड्यांनी धुरकटलेली. त्यात भर म्हणून मागच्या दाराला टांगलेलं जादा चाक, त्याने खिडकीचा मधला भाग खाल्लेला. "अगं, तुला मागचं दिसतं तरी काय?" मी विचारलं. ती म्हणाली, "मावशी, मागचे हॉर्न वाजवतात ना!"

मैत्रिणींनो, हसू नका. आपल्याकडची अर्धी रहदारी याच तत्त्वावर चालते. ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेलं असायचं ते कशासाठी? मला मागचं दिसत नाही, तू आवाज दे, एवढाच त्याचा सरळ अर्थ. २०१५ साली महाराष्ट्रात व्यापारी वाहनांवर ते लिहायला बंदी आली, पण कानाने गाडी चालवायची सवय गेली नाही. आणि उघड्या गाडीत हा कानच दगा देतो. गावातल्या रस्त्यावर हळू जाताना छत उघडं असेल तर उलट जास्त ऐकू येतं. पण हायवेवर वेग आला की वाऱ्याचा घोंघाट इतका, की शेजारच्या दुचाकीचा हॉर्न त्यात विरून जातो. छत लावलं तर कापड फडफडतं. दोन्हीकडून पंचाईत.

खरं तर वसई-विरारमध्ये कापडी छताच्या गाडीत आपण सगळ्याच रोज बसतो. रिक्षा! रेक्झिनचं छत आणि मागे पोस्टकार्डाहून थोडी मोठी खिडकी. त्या खिडकीवर कोणा हिरोचं चित्र, नाही तर क्लासची जाहिरात, नाही तर आतून लावलेला स्पीकरचा खोका. म्हणजे मागचा रस्ता बंदच. आणि ज्या आरशाने तो बघायचा, तो किती तरी रिक्षांमध्ये मागे बसलेल्या प्रवाशाच्या चेहऱ्यावर रोखलेला. कॉलेजच्या मुली आमच्याकडे ही तक्रार घेऊन येतात, "काकू, तो सारखा आरशातून बघतो." त्यांना आम्ही सांगतो, सरळ म्हणायचं, "दादा, आरसा रस्त्याकडे करा, मागून गाडी येतेय." यात भांडण होत नाही, आणि ते खरंही असतं. बहुतेक जण मुकाट्याने आरसा फिरवतात.

आता थोडं शास्त्र. मी आर्ट्सची, त्यामुळे मला समजलं तसंच सांगते.

आपल्या प्रत्येक डोळ्यात एक आंधळा ठिपका असतो. डोळ्यातली नस जिथून मेंदूकडे निघते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. मारियोत नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे सतराव्या शतकात दाखवून दिलं. आपल्याला ते भोक जाणवत नाही, कारण मेंदू आजूबाजूच्या रंगाने ते रफू करून टाकतो. गाडीचंही तसंच. ड्रायव्हरला वाटतं, तीन आरसे आहेत म्हणजे सगळं दिसतं. पण आतल्या आरशाची हद्द संपते आणि बाजूच्या आरशाची सुरू होते, आणि बाजूच्या आरशाची संपल्यावर डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायला लागतं, या सांध्यांमध्ये एक फट राहते. दुचाकी त्या फटीत सहज मावते. यालाच इंग्रजीत ब्लाइंड स्पॉट म्हणतात. आमच्या मंडळात आम्ही 'आंधळी जागा' म्हणतो.

दुसरी गोष्ट आरशाच्या काचेची. गाडीतला आतला आरसा सपाट असतो, त्यात मागची गाडी जितकी लांब आहे तितकीच दिसते. बाहेरचे बहुतेक आरसे किंचित फुगीर असतात. त्यात जास्त रस्ता मावतो, पण गाड्या छोट्या आणि लांब दिसतात. त्या आरशावर बारीक अक्षरात इशारा लिहिलेला असतो, तो वाचायचे कष्ट कोण घेतं? म्हणून बाहेरच्या आरशात डंपर 'लांब' दिसला म्हणून लगेच लेन बदलायची नाही. ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला साधारण साडेसोळा मीटर. तुम्ही 'जाऊ की नको' करत दोन सेकंद घालवलेत, तेवढ्यात आपली गाडी तेहतीस मीटर पुढे गेलेली असते.

हे आरसे लावायचे कसे, हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आपल्याला कोणी शिकवत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे शेजारी बसलेल्या सरांच्या पायाशी ब्रेक असतो, मागचं तेच बघतात आणि म्हणतात, "घ्या मॅडम, उजवीकडे घ्या." आपण घेतो. लायसन्स मिळतं. पहिल्यांदा एकटीने गाडी काढली की कळतं, मागचं बघणारा माणूस स्कूलमध्येच राहिला! आणि आमच्या पिढीचा आणखी एक घोटाळा. आमच्या घरातल्या पहिल्या गाड्यांना, त्या साध्या मॉडेलच्या मारुतींना, डावा आरसाच नसायचा. नवऱ्याच्या किंवा भावाच्या गाडीवर हात बसला, त्याबरोबर डावीकडे न बघायची सवयही बसली. आज आरसा आहे, पण पार्किंगमधून निघाल्यावर मिटलेला तसाच. उघडला तर रिक्षावाला उडवतो म्हणे.

बाजूचे आरसे बहुतेक जण असे लावतात की त्यात स्वतःच्या गाडीचा बराचसा भाग दिसतो. स्वतःची गाडी बघून काय करायचंय? ती कुठे पळून जात नाही. १९९५ साली जॉर्ज प्लॅट्झर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने एक सोपी रीत मांडली. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीला ती अशी लागू होते. डोकं उजव्या खिडकीच्या काचेला जवळजवळ टेकवा आणि उजवा आरसा बाहेरच्या बाजूला फिरवत न्या, आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल इथपर्यंत. मग डोकं गाडीच्या मध्यावर, आतल्या आरशाच्या खाली आणा आणि डावा आरसा तसाच लावा. सरळ बसल्यावर दोन्ही आरशांत आपली गाडी दिसणार नाही. पहिले दोन दिवस चुकल्यासारखं वाटतं. खूण अशी, की उजवीकडून पुढे जाणारी गाडी आतल्या आरशातून निघाली की लगेच उजव्या आरशात आली पाहिजे, आणि तिथून निसटायच्या आत डोळ्याच्या कोपऱ्यात दिसली पाहिजे.

पण! ही रीत आतला आरसा स्वच्छ बघतोय, हे धरून सांगितलेली आहे. भाचीच्या गाडीत तोच लंगडा. तिथे बाजूचे आरसे अगदी बाहेर फिरवले तर गाडीच्या पाठीमागचा भाग कुठल्याच आरशात येत नाही. म्हणून तिने मधला मार्ग काढला. आरसे थोडे कमी फिरवले आणि प्रत्येक आरशाच्या बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात चिकटवायचा छोटा गोल फुगीर आरसा लावला. गाड्यांचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात तो मिळतो, फार महाग नाही. त्यात गाडी मुंगीएवढी दिसते, अंतर कळत नाही, पण 'तिथे कोणी तरी आहे' एवढं कळतं. आणि वळण्याआधी खांद्यावरून एक नजर टाकायचीच. छत उघडं असेल तर या एका बाबतीत तिची गाडी माझ्या बंद गाडीपेक्षा सरस आहे, मधे काच नाही, मान वळवली की बराचसा रस्ता समोर. फक्त दुमडलेलं छत मागे गठ्ठा होऊन बसतं, ते खालचा भाग झाकतं. मागे पोरं लोखंडी दांडा धरून उभी राहिली तर मग विचारूच नका. वरातीत आणि मिरवणुकीत आपण हे कौतुकाने बघतो. मला ते अजिबात पटत नाही.

संध्याकाळी समुद्रावरून परतताना आणखी एक त्रास. आपण पूर्वेला स्टेशनकडे येतो, सूर्य बरोबर पाठीमागे, खाली उतरलेला. बंद गाडीत छताची आणि खांबांची थोडी तरी सावली असते. उघड्या गाडीत तो प्रकाश थेट आतल्या आरशात आणि तिथून डोळ्यांत. आरशाच्या खाली एक छोटी खिट्टी असते, रात्री मागच्या गाडीचा झोत मंद करायला. ती अशा वेळी ओढायची. पुष्कळ जणींना ती खिट्टी कशाची हेच माहीत नसतं. पावसाळ्यात त्या प्लास्टिकच्या खिडकीला ना वायपर, ना धुकं घालवायची सोय. ती कोरड्या फडक्याने पुसली की बारीक वाळूचे ओरखडे पडतात आणि ते कायमचे. आधी भरपूर पाणी, मग मऊ ओलं कापड. बाहेरच्या आरशावर थेंब साचू नयेत म्हणून कच्चा बटाटा कापून घासायची जुनी युक्ती थोडा वेळ चालते, मी केली आहे.

दुचाकीवाल्या मुलींचं छत म्हणजे स्कार्फ. ऊन, धूळ, धूर, सगळ्यांपासून वाचायला डोळ्यांपर्यंत गुंडाळलेला. मला त्यांची अडचण कळते. पण टांग्याच्या घोड्याला झापडं कशाला बांधतात? बाजूचं दिसू नये म्हणून! स्कार्फची घडी गालावरून डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत आली की तेच होतं. घडी कानाच्या मागे घट्ट खोचा, टोकं जॅकेटच्या आत घाला. १९२७ साली इसाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तकी फ्रान्समध्ये उघड्या मोटारीतून जाताना गळ्यातला लांब स्कार्फ चाकात अडकून गेली. आपल्याकडे ओढण्या आणि पदर चाकात जाण्याचे प्रकार ऐकायला फ्रान्सला जावं लागत नाही. स्कूटरच्या आरशात स्वतःचं कोपर जेमतेम दिसावं, बाकी रस्ता. आणि घरातल्या ज्या चिरंजीवांनी 'स्टाईल' म्हणून बाइकचे आरसेच काढून ठेवले आहेत, त्यांना आईने ते परत लावायला लावावेत.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसले ते. आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीचा पाय तीन वर्षांपूर्वी गेला. ती स्कूटीवरून पाण्याच्या टँकरच्या डाव्या बाजूने पुढे सरकत होती, टँकरने डावीकडे वळण घेतलं. वसई-विरारमध्ये टँकर आणि डंपर कशी माणसं मारतात हे वेगळं सांगायला नको. लोकांनी ड्रायव्हरला खाली ओढला. तो रडत एकच वाक्य म्हणत होता, "ताई दिसल्याच नाहीत हो." कोणी विश्वास ठेवला नाही. एवढी मोठी बाई, लाल स्कूटी, भर दुपार, आणि दिसली नाही?

मैत्रीण घरी आल्यावर तिनेच म्हटलं, बघू या तर खरं. ओळखीतल्या एका टँकरमालकाला विनंती केली, रविवारी सकाळी मैदानात टँकर उभा केला. आम्ही बायका एकेक करून ड्रायव्हरच्या सीटवर चढलो. साडी नेसून चढणं हाच एक पराक्रम होता! बाकीच्या टँकरभोवती उभ्या राहिल्या. वर बसलेली सांगायची, "तू दिसतेस... आता नाही... आता नाही... हां, आता दिसलीस." जिथे जिथे बाई दिसेनाशी झाली तिथे आम्ही रांगोळी टाकली. समोर बंपरच्या अगदी पुढे एक पट्टा. मागे तर लांबच लांब. उजवीकडे बारीकशी जागा. आणि डावीकडे, पुढच्या दारापासून मागे पसरत गेलेला केवढा तरी मोठा तुकडा, सहावारी साडी वाळत घातल्यासारखा. डाव्या दाराला लागून उभ्या चार जणी, त्यांच्यातल्या एकीच्याही डोक्याचा केस वरून दिसेना. ड्रायव्हर उजवीकडे, उंचावर, खिडकीची कड छातीपर्यंत. खाली दिसणार कसं?

मैत्रीण कुबडीवर उभी राहून त्या रांगोळीकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे तो खोटं बोलत नव्हता." थोड्या वेळाने म्हणाली, "पण त्याचा डावा आरसा फुटलेला होता. ते मी पाहिलं होतं." दोन्ही खरं आहे. आरसा धड असता तर त्या रांगोळीचा बराचसा भाग पुसला गेला असता. तो फुटका ठेवून गाडी रस्त्यावर आणणाऱ्या मालकाला आजतागायत कोणी एक शब्द विचारलेला नाही. मार खाल्ला तो ड्रायव्हरने.

त्या दिवशी ड्रायव्हरने आम्हाला आणखी एक गोष्ट दाखवली. लांब गाडी वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेवरून जात नाहीत, आतून कापत येतात. त्याने अगदी हळू गाडी वळवली आणि डाव्या बाजूला ठेवलेली प्लास्टिकची बादली पुढच्या चाकापासून हातभर लांब राहिली, मागच्या चाकाने मात्र चपटी झाली. त्या आवाजाने सगळ्या गप्प झाल्या. सातिवली, वालीव, गोखिवरे या कारखान्यांच्या रस्त्यांवर किंवा चिंचोटी नाक्यावर सिग्नलला डावीकडून घुसताना ती बादली आठवावी. मोठ्या गाडीच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. मग मागेच थांबायचं, हॉर्न वाजवत बसायचं नाही.

सोसायटीच्या आवारात हाच प्रकार छोट्या प्रमाणात चालतो. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागे घेताना वाजणारा सेन्सर सक्तीचा झाला, पण जुन्या गाड्या ढिगाने आहेत. भाचीच्या गाडीच्या मागे तिच्याच लेकाची तीनचाकी सायकल ठेवून पाहिली. बरीच मागे नेली तरी ती आतल्या आरशात येईना. तेव्हापासून गाडी मागे घ्यायच्या आधी ती खाली उतरून एक चक्कर मारते, लेकाला आधी आत बसवते. शेजारचे काका हसतात. हसू देत.

मैदानातल्या त्या रविवारनंतर रांगोळीचा कार्यक्रम आम्ही आणखी दोन ठिकाणी केला. आता एका शाळेने बोलावलं आहे. टँकर मिळेल, नाही मिळेल, पण शाळेची बस तर आहेच. मुलांनी बसच्या पुढे नेमकं कुठे उभं राहायचं नाही, ते मुलांनीच खडूने आखायचं ठरलं आहे. ड्रायव्हर काका सीटवर बसून "दिसत नाही, दिसत नाही" ओरडायला तयार आहेत. मैत्रीणही येणार आहे. तिने एकच अट घातली आहे, या वेळी बादली तिच्या घरची नको.